बार्बराबाईचा मनोरा

त्या घरात धावायला बंदी होती. चालायलाही बेताचीच परवानगी होती. दारातून आत शिरलं की हातभर अंतरावर फरशीवर ऑइलपेंटने एक लाल रेघ मारलेली होती, चांगली चार बोटं रुंद. रेघेच्या अलीकडे चपला, छत्र्या, हेल्मेट, दूधवाला, मीटर बघायला येणारा माणूस आणि बाकीचं सगळं जबलपूर. रेघेच्या पलीकडे काकू.

खोली बघायला गेले त्या दिवशी मी चपला काढल्या आणि रेघेकडे न बघता सरळ आत गेले. सोफ्यावरचे गृहस्थ, म्हणजे घरमालक काका, ओरडले नाहीत, कारण ओरडायलाही तिथे बंदी होती. ते उठले, माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "मॅडम जी, परत जा. आता नीट या. आधी काड्यापेटी, लायटर, मोबाईल त्या लाकडी पेटीत. मग एक पाय. मग दुसरा."

"माझ्याजवळ काड्यापेटी काहून असेल?" मी विचारलं. मी अमरावतीची. डोकं फिरलं की माझ्या तोंडून तिकडचीच भाषा निघते.

"सगळे हेच म्हणतात," ते म्हणाले, "अन् मग निघते."

माझ्या पर्समधून काड्यापेटी निघाली. शाळेच्या प्रयोगशाळेत बर्नर पेटवायला घेतलेली, घाईत तशीच राहून गेलेली. काकांनी ती दोन बोटांत धरून पेटीत ठेवली, वर झाकण लावलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते पुढच्या पाच वर्षांत मी फार थोड्या वेळा पाहिलं. मला खोली त्या काड्यापेटीमुळे मिळाली असं माझं पक्कं मत आहे. निघते असं ते म्हणत खरे, पण त्यांचा नियम खरा ठरवणारी भाडेकरू त्यांना पहिल्यांदाच भेटली होती.

काका खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं बारूद भरण्याच्या विभागात काढलेली. तिथे इमारतीत शिरताना अशीच रेघ असते. बाहेरचे बूट बाहेर, आतले आत. खिशात काडी नको, बुटाला खिळा नको, आणि काहीही झालं तरी धावायचं नाही. बाकीची माणसं संध्याकाळी गेटाबाहेर पडून स्कूटरला किक मारली की ही शिस्त विसरत. काका ती जेवणाच्या डब्यासोबत रोज थोडी थोडी घरी आणत गेले आणि निवृत्तीनंतर ती सगळीच्या सगळी घरी राहायला आली.

दाराला घंटा नव्हती, सुतळीला बांधलेला लाकडी ठोकळा होता. दारांच्या कडांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे ठोकलेले, म्हणजे ती आपटत नसत. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. 'साखर. भरली मंगळवारी. भरणारा: स्वतः.' चिठ्ठीशिवाय कुठलीही वस्तू रेघेच्या आत येणार नाही, हा कायदा. एकदा मी वरून वाटीभर साबुदाण्याची खिचडी घेऊन उतरले, तर काकांनी मला रेघेवर थांबवून कागद-पेन्सिल दिली. मी लिहिलं, 'खिचडी. मिरची जास्त. भरणारी: तुमची भाडेकरू.' मग वाटी आत गेली.

तर अशा या घरात एक वस्तू गेली अठ्ठावीस वर्षं दिवसातून दोनदा रेघ ओलांडून आत जात होती आणि तिच्यावरच्या चिठ्ठीचा अर्थ काकांना कळत नव्हता. काकूंची गोळी. बारीक, पांढरी, चव कडू. नाव मोठं, शेवटी इंग्रजीत लिहिलेलं कूळ: बार्बिट्युरेट.

"काय शिकवता तुम्ही?" खोली ठरवताना त्यांनी विचारलं होतं.

"केमिस्ट्री."

"अच्छा?" ते पुढे सरकून बसले. "मग सांगा. बार्बिट्युरेट हा शब्द कुठून आला?"

"झोपेच्या औषधांचं नाव आहे ना ते?"

"ते मला माहीत आहे. तीन कंपाउंडर अन् दोन डॉक्टरांनीही हेच सांगितलं. मी औषधाचं नाही, शब्दाचं विचारून राहिलो. सेडेटिव्ह म्हणजे बसवणारं, तळाशी गाळ बसतो तसं. ते मी शोधलं. आपलं शामकही सरळ आहे, शमवणारं. पण हे बार्बि म्हणजे कोण? ज्या मालाचं नाव कळत नाही तो माल मी घरात कसा ठेवू?"

काकू बाजूच्या खुर्चीवर बसल्या होत्या. साठीला आलेल्या, गोऱ्या, भरल्या अंगाच्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बऱ्याच वेळाने, विषय निघून गेल्यावर, म्हणाल्या, "बस ना पोरी." मी केव्हाचीच बसले होते.

त्या गोळीची हकीकत काकांनी मला गच्चीवर गहू वाळवताना सांगितली. लग्नाला आठ महिने झाले होते. फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहत होते. रविवारची सकाळ, हे दाढी करत होते. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि पाठोपाठ काकू पडल्या. हातपाय झटकले, तोंडाला फेस आला, डाव्या हातावर गरम वरण सांडलं. तो डाग अजून होता. डॉक्टरांनी मिरगी सांगितली आणि ही गोळी दिली. त्यानंतर पाच वर्षांत आणखी चारदा झटका आला. मग थांबला.

"तेवीस वर्षं झाली," काका म्हणाले. "एकही नाही."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं आपोआप होत नाही, मॅडम जी. ठिणगीशिवाय काही होत नाही. मी ठिणगी शोधली अन् बंद केली."

ठिणगी म्हणजे शिट्टी. दारूगोळ्यातल्या माणसाला स्फोट दिसला की तो आधी ठिणगी शोधतो, आणि काकांना ती कुकरच्या डोक्यावर सापडली होती. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, शिट्टीचा काही संबंध नाही. पण डॉक्टर फॅक्टरीत कामाला नव्हते. तेव्हापासून त्या घरात कुकरची शिट्टी झाली नाही. काका समोर स्टूल टाकून बसत आणि वाफ फुसफुसू लागली की गॅस बंद करत. डाळ अर्धीकच्ची राही, तिला ते 'दाणेदार' म्हणत. स्वयंपाक तेच करायचे, कारण आगीजवळ काकूंनी जायचं नाही. पाण्याजवळ जायचं नाही. जिन्यावर जायचं नाही. दिवाळीत फटाके नाहीत, लग्नात बँडबाजा असेल तर लग्नाला नाहीत.

आणि म्हणून भेडाघाट नाही. जबलपुरात राहणाऱ्या माणसाच्या घरी पाहुणे येतात तेच मुळी भेडाघाट बघायला, नर्मदेतल्या संगमरवरी कड्यांमधून होडीने फिरायला. काकूंच्या माहेरचे यायचे, काकांचे नागपूरचे भाऊ यायचे. काका पोळ्या लाटून सगळ्यांचे डबे भरत, डब्यांवर चिठ्ठ्या लावत. काकू दारापर्यंत येऊन रेघेच्या आत उभ्या राहत आणि हात हलवत. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी भेडाघाट पाहिला नव्हता. संध्याकाळी पाहुणे परत आले की त्या विचारत, "पाणी किती होतं?" तेवढा एक प्रश्न त्या वेळेवर विचारत.

मी तो शब्द शोधला. शोधला म्हणजे काय, माझ्या खोलीत बसून मोबाईलवर दहा मिनिटं घालवली. दीडशे वर्षांपूर्वी एका जर्मन रसायनतज्ज्ञाने ते मूळ आम्ल बनवलं. नाव का दिलं याच्या दोन-तीन कथा आहेत आणि खरी कुठली ते कोणालाच ठाऊक नाही. पहिली अशी की तो दिवस बार्बरा नावाच्या संत बाईचा होता. शोध लागल्याच्या आनंदात तो माणूस गुत्त्यात गेला, तर तिथे तोफखान्याचे अधिकारी तिचा सण साजरा करत बसले होते. बार्बरा ही तोफा, बारूद, सुरुंग यांत काम करणाऱ्यांची रक्षणकर्ती.

एवढं मी जिना उतरून काकांना सांगितलं. तोफा आणि बारूद हे शब्द ऐकल्यावर ते बसले होते ते उभे राहिले.

"म्हणजे चौतीस वर्षं मला तिकडे जी सांभाळून राहिली होती," ते म्हणाले, "तीच इकडे हिला?"

मी हो म्हणाले. अर्धीच गोष्ट सांगितली. गुत्त्यातल्या दुसऱ्या बार्बराची कथा गाळली, आणि संत बार्बराच्या बापाने तिचं काय केलं होतं तेही गाळलं. त्या घरात ते सांगायची माझी हिंमत झाली नाही. शिवाय वरच्या खोलीला पाणी चोवीस तास होतं.

काकांचा देवावर विश्वास नव्हता. चतुर्थी, एकादशी, काही पाळत नसत. पण त्यांनी माझ्याकडून शाळेच्या प्रिंटरवर बार्बराचं रंगीत चित्र काढून घेतलं, फ्रेम केलं आणि औषधांच्या कपाटावर टांगलं. लाल झगा घातलेली बाई, हातात झावळी, मागे दगडी मनोरा. खाली चिठ्ठी: 'बार्बराबाई. बारूद व गोळी विभाग.' दर डिसेंबरच्या चार तारखेला, बार्बराच्या सणाला, ते खोव्याची जलेबी आणत आणि फॅक्टरीच्या जुन्या सोबत्यांना वाटत. एकाने घाबरून विचारलं, "दादा, क्रिस्तान हो गए क्या?" तर हे म्हणाले, "अरे नहीं भैया, ये अपने सेक्शन की हैं."

काकू रोज त्या चित्राला झेंडूचं फूल वाहत. खुर्ची सरकवायची, बसायचं, बघत राहायचं. एकदा त्यांनी मला विचारलं, "हे मागे काय आहे गं?"

"तिचं घर," मी म्हणाले.

काका गेले त्याला आता दोन वर्षं झाली. त्यांच्याबद्दल लिहायला बसले की मला त्यांची आठवण येते आणि रागही येतो, आणि दोन्ही एकदमच येतात, त्यामुळे नीट लिहिता येत नाही. त्यांच्याइतकं बायकोला जपणारा नवरा मी पाहिलेला नाही. रोज सकाळी ते काकूंची वेणी घालत. गोळी देताना हात दोनदा धुवत. गल्लीत वरात आली की बँडवाल्यांसमोर हात जोडून उभे राहत आणि घरासमोरून वीस पावलं बिनआवाजाची चालायला लावत. गल्लीला याची इतकी सवय झाली होती की नवरदेवाचा घोडाही तिथे आपोआप शांत होतो असं म्हणत. आणि या सगळ्या जपणुकीच्या मधोमध ती बाई डोळे अर्धे मिटून बसलेली असे. सगळे म्हणत, किती शांत स्वभाव. मीही म्हणत असे.

मग औषधाच्या दुकानदाराने अडवलं. चिठ्ठी फार जुनी झाली, नवी आणा. जुन्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला होता. तेही दरवेळी पेशंटला घेऊन या म्हणत आणि काका एकटेच जाऊन "ठीक आहे, शांत आहे" असं सांगून चिठ्ठी आणत. नेपियर टाऊनमधली नवी डॉक्टरीण तरुण होती आणि ऐकणारी नव्हती. पेशंट दिसल्याशिवाय चिठ्ठी नाही. तेव्हा काकूंना ऑटोत मधोमध बसवून, एका बाजूला काका आणि एका बाजूला मी, अशी आमची मिरवणूक निघाली. ऑटोवाल्याला काकांनी हॉर्न वाजवायची बंदी केली होती. जबलपुरात हॉर्नशिवाय ऑटो चालवणं म्हणजे काय ते त्या बिचाऱ्यालाच माहीत.

"आखिरी दौरा कब पड़ा था?" डॉक्टरीणबाईंनी काकूंना विचारलं.

"सत्ताईस साल हो गए," काका म्हणाले.

"सत्ताईस साल से दौरा नहीं, और वही गोली, उतनी ही?" त्यांनी काकूंच्या डोळ्यांवर बॅटरी मारली, हात पुढे करायला लावले, सरळ रेषेत चालायला लावलं. मग समजावून सांगितलं. हे औषध एकदम थांबवायचं नाही, तसं केलं तर धोका. पण नवीन औषध सुरू करून हे अगदी हळूहळू, महिन्यामहिन्याने उतरवता येईल. यांना जी सुस्ती आहे ती स्वभावाची नाही, गोळीची असावी.

काकांनी जुनी चिठ्ठी टेबलावर सरळ केली. मग म्हणाले, "मैडम, जो चीज़ सत्ताईस साल से शांत पड़ी है, उसको हम लोग हाथ नहीं लगाते."

"ये चीज़ नहीं हैं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पण काका हटले नाहीत. दोन महिन्यांची जुनीच गोळी लिहून घेऊन आम्ही परत आलो. परतताना ते मला म्हणाले, "या डॉक्टरणीला काय माहीत? बार्बराबाईचं नाव तरी ऐकलं असेल का हिने?" मला तेव्हा माझ्या अर्ध्या गोष्टीची पहिल्यांदा भीती वाटली.

नोव्हेंबरात काका हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले होते. दुपारची वेळ. काकूंनी मला ठोकळा वाजवून खाली बोलावलं. त्या चित्रासमोर बसल्या होत्या.

"पोरी, हे तिचं घर नाही," त्या म्हणाल्या. शब्दाशब्दाला थांबत होत्या, पण थांबत थांबत पुढे जात होत्या. "याला दार नाही. मी रोज पाहते. खरं सांग."

मी खाली रेघेपाशीच बसले आणि सांगितलं. बार्बराच्या बापाने तिला मनोऱ्यात कोंडून ठेवलं होतं. तिला बाहेरचं काही लागू नये म्हणून.

"जीव होता त्याचा तिच्यावर?"

"तसं म्हणतात."

"मग?"

"मग तिने त्याचं ऐकलं नाही. बापानेच तिला मारलं. अन् घरी जाताना त्याच्यावर वीज पडली. म्हणून अचानक लागणाऱ्या आगीपासून ती वाचवते असं लोक मानू लागले. बारूदवाल्यांनी तिला त्यासाठी धरलं."

काकूंनी चित्रातल्या मनोऱ्यावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे विजेचं सगळ्यांनी लक्षात ठेवलं. कोंडल्याचं नाही."

आता सांगायचंच तर सगळं सांगू, म्हणून मी दुसरी कथाही सांगितली. ती बार्बरा संत वगैरे नव्हती, गुत्त्यात दारू वाढणारी पोरगी होती. त्या रसायनतज्ज्ञाला प्रयोगासाठी युरिया लागायचा, आणि ही त्याला रोज स्वतःची लघवी नेऊन द्यायची. त्याची परतफेड म्हणून त्याने त्या आम्लाला तिचं नाव दिलं.

काकू हसल्या. मी त्यांना हसताना प्रथमच पाहत होते. खांदे हलले, डोळे पुसावे लागले. "अन् तिला सांगितलं का कोणी," त्या म्हणाल्या, "की बाई, तुझ्या नावाने असं असं करून राहिलो?"

डिसेंबरची जलेबी वाटून झाल्यावर आम्ही पुन्हा नेपियर टाऊनला गेलो. काकांनी वाक्य तयारच ठेवलं होतं, "सब ठीक है, शांत है." ते त्यांनी म्हटलं. डॉक्टरीणबाई चिठ्ठी लिहू लागल्या. तेव्हा काकूंनी टेबलावर हात ठेवला. डाग असलेला हात.

"डॉक्टर साहब," त्या म्हणाल्या, "गोली कम कर दीजिए. मुझे जागना है."

काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मला तिकडे बघवेना. एखाद्या डब्यावर स्वतःच्या हाताने चिठ्ठी लावावी आणि आत भलतंच निघावं, तसा चेहरा झाला होता.

घरी आल्यावर त्यांनी मला रेघेबाहेर उभं केलं. "तिला हे कोणी शिकवलं?"

मी सगळं सांगितलं. मनोरा, बाप, गुत्त्यातली पोरगी, आणि हेही की मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काही हवं असलं की जिन्यात चिठ्ठी ठेवत. 'मोटर बंद करणे. सांगणारा: घरमालक.' नवव्या दिवशी भिंग घेऊन वर आले, हातात बार्बराबाईची फ्रेम.

"मॅडम जी, नीट बघा. मनोऱ्याला तीन खिडक्या आहेत. बापाने हवेची सोय केली होती."

"हो काका. खिडक्या होत्या."

"एकदम वाईट नव्हता तो."

"नसेल."

ते फ्रेम घेऊन खाली गेले आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी उतरवण्याच्या कामाला लागले. हे कामही त्यांनी विभागातल्यासारखंच केलं. भिंतीवर तक्ता लावला. तारीख, वजन, देणारा, घेणारी. दुसऱ्या खान्यात नवीन औषध. डॉक्टरीणबाईंनी चतकोर म्हटलं की काका सुती हातमोजे घालून काचेवर ब्लेडने चतकोर काढत आणि उरलेला भुगा मोजून पुडीत बांधत. दिवसभर काकूंसमोर स्टूलावर बसून राहत, कुकरसमोर बसत तसे. वजन त्यांचंच उतरलं, सहा किलो.

चौथ्या महिन्यात काकू पहिल्यांदाच न थांबता एक मोठं वाक्य बोलल्या. जेवताना. "अहो, ही डाळ इतकी वर्षं अशीच लागते का?"

मग थांबल्याच नाहीत. त्या सिहोऱ्याच्या, वडील तिथे रेल्वेत होते, ही माहिती मला चार वर्षांत पहिल्यांदा मिळाली. शाळेत खो-खो खेळायच्या. शेवटच्या खांबाला वळसा घालताना त्यांना कोणी पकडलं नव्हतं. रेल्वेच्या बायका मुलांना बघायला आणत, ही बघा धावणारी. हे सांगताना त्यांचे पाय साडीखाली हलत. आणि एकदा, काका भाजी आणायला गेले असताना, वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "मूल नको म्हणाले. डॉक्टरने मनाई केली म्हणाले. कोणत्या डॉक्टरने ते मी विचारलंच नाही. विचारीन विचारीन म्हणायची अन् डोळा लागायचा."

काका मेथी घेऊन आले आणि त्यांनी जुडीवर चिठ्ठी लावली.

वर्ष झालं. तक्त्यातला जुन्या गोळीचा खाना रिकामा झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नवीन औषध चालू ठेवायचं, कोणी सोबत असलं की कुठेही जाता येईल. काकू घरी येऊन म्हणाल्या, "भेडाघाट."

काकांनी महिनाभर कारणं शोधली. पाणी जास्त आहे. पाणी कमी आहे. रस्त्याचं काम सुरू आहे. शेवटी फेब्रुवारीतल्या एका सकाळी आम्ही तिघं पंचवटी घाटावर उभे होतो. काकांनी तीन लाइफ जॅकेटं तपासली, पट्टे ओढून पाहिले, नावाड्याला विचारलं, "बीड़ी पीते हो? माचिस इधर दो." नावाड्याने मुकाट्याने दिली. होडीत काकू पुढे बसल्या. काका त्यांच्या शेजारी, त्यांच्या मनगटावर नाडी धरून. होडी सुटली आणि काकांनी डोळे मिटले.

दोन्ही बाजूंनी संगमरवराचे कडे वर आले. नावाडी त्याची ठरलेली यमकं ऐकवू लागला, इकडे हत्ती, तिकडे बैलगाडी, और ये देखिए बंदरकूदनी, जिथे दोन्ही कडे माकड उडी मारेल इतके जवळ येतात. काकूंचा श्वास जोरात चालला होता.

"अहो, डोळे उघडा."

"तू बघ. मी नाडी मोजून राहिलो."

"माझी नाडी ठीक आहे हो. उघडा."

"आधी तू सांग काय दिसतं."

मग काकू सांगत गेल्या. डोंगर मधोमध चिरला आहे. पांढरा आहे, पण सगळीकडे सारखा नाही, खाली पाण्याजवळ पिवळट, तिथे निळी रेघ आहे, वर कबुतरं आहेत, पाणी हिरवं आहे, काळंही आहे. पाऊण तास त्या बोलत होत्या. नावाडी आपली यमकं सोडून त्यांचं ऐकू लागला. काकांनी शेवटपर्यंत डोळे उघडले नाहीत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की भेडाघाट त्यांनीही कधी पाहिला नव्हता. काकूंना घरी एकटं ठेवून ते कुठे जाणार होते?

होडी परत लागली. काकू नावाड्याचा हात धरून आधी उतरल्या. काका पायरीवरच बसले, जॅकेटसकट.

"मॅडम जी," ते म्हणाले, "खरं सांगा. अर्धं नको. तीस वर्षं मी हिला निजवून ठेवलं काय?"

पाच वर्षांपूर्वी मी त्यांना बरं वाटेल तेवढंच सांगितलं होतं. याही वेळी तसं सांगता आलं असतं. झटके थांबले ते गोळीनेच थांबले, हेही खरंच होतं.

"पहिली काही वर्षं वाचवलं," मी म्हणाले. "मग निजवून ठेवलं. हो."

त्यांनी मान हलवली. रडले नाहीत, वाद घातला नाही, खिडक्यांचं काढलं नाही. जॅकेटची दोरी सोडू लागले आणि ती त्यांना सुटेना.

तेवढ्यात घाटाच्या वरच्या बाजूने कोणीतरी ओरडलं, की धुआंधार धबधब्याकडे जाणारी जीप सुटते आहे, तीन जागा आहेत, ज्यांना यायचं त्यांनी लगेच या. काकूंनी वर पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, साडीचा पदर कमरेला खोचला आणि त्या ओल्या पायऱ्यांवरून वर धावत सुटल्या. साठीतली बाई, खो-खोतल्यासारखी थोडी वाकून, एक हात बाजूला काढून.

काका ताडकन उभे राहिले. तोंड उघडलं. 'धावायचं नाही', हे दोन शब्द मी पाच वर्षांत इतक्यांदा ऐकले होते की मला ते आधीच ऐकू आले.

पण ते बोलले नाहीत. तोंड तसंच उघडं ठेवून ते बघत राहिले, काकू वरच्या वळणाला पोचेपर्यंत, आणि मग माझा हात धरून, माझ्याकडे न बघता, स्वतःही भराभर पायऱ्या चढू लागले.